पायांचं शास्त्र शिकायचं असेल तर आधी विद्यार्थी सचिवाला भेटा

अमरावती-अकोल्याकडच्या एखाद्या मुलानं किंवा मुलीनं डॉक्टर व्हायचं ठरवलं, की सल्ला देणाऱ्यांची कमी नसते. शिकवणीवाले, मामा-काका, शेजारचे गुरुजी असे सगळेच वाट दाखवतात. पण ‘मला पायांच्या आजारांचं शिकायचंय’ असं कोणी म्हटलं, तर घरात क्षणभर कोणाला काही सुचत नाही. इंग्लंड-अमेरिकेत पोडियाट्री ही स्वतंत्र विद्याशाखा आहे आणि तिचे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. आपल्याकडे केंद्र सरकारनं २०२१ साली सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात पोडियाट्रिस्टचं नाव आलं, पण वऱ्हाडात ह्या विषयाचं वेगळं कॉलेज नाही. इथल्या विद्यार्थ्याला एमबीबीएस, फिजिओथेरपी किंवा कृत्रिम अवयव आणि आधारसाधनांचा, म्हणजे प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्सचा, अभ्यासक्रम करावा लागतो. मधुमेही पायाचं खास प्रशिक्षण त्यानंतर येतं. परदेशी जाणारे थोडे असतात, पण असतात.

ह्या वाटेवर कुठे काय आहे, हे माहितीपत्रकातून कळत नाही. ते कळतं आत शिकणाऱ्या मुलांकडून, आणि त्यांच्यातही विद्यार्थी परिषदेचं काम अंगावर घेतलेल्या मुलांकडून. त्यांच्याशी ओळख कशी करावी, ती कशी टिकवावी आणि तिचा कशासाठी उपयोग करू नये, हे सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे. बारावीनंतर प्रवेशाच्या तोंडावर असलेली मुलं, नुकतीच पहिल्या वर्षाला लागलेली मुलं आणि त्यांचे आई-वडील माझ्यासमोर आहेत.

पाय हा विषय आपल्या भागात किती मोठा आहे, ते आधी बघा. पऱ्हाटी उपटल्यावर किंवा तूर कापल्यावर शेतात जी धसकटं राहतात, ती चपलेच्या तळातूनही आरपार जातात. ज्याच्या पायाची जाणीव शाबूत आहे तो ओरडतो, पाय उचलतो, काटा काढतो. ज्याला दहा-पंधरा वर्षांपासून साखरेचा आजार आहे आणि पाय बधिर झाला आहे, त्याला संध्याकाळी मोजा किंवा चप्पल रक्तानं भरलेली दिसली तरच कळतं. मे महिन्यात अकोल्याच्या डांबरी रस्त्यावर अनवाणी चाललेल्या बधिर पायाला भाजतं, फोड येतो, पण दुखत नाही. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराला जाणाऱ्या कावडींत आणि नवरात्रात पहाटे अंबादेवीला निघालेल्या गर्दीत अनवाणी पाय किती असतात, हे आपण सगळे बघतो. आणि तपोवन तर अमरावतीतच आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी ते उभं केलं. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरुग्णांचं जुनं मिशन रुग्णालय आहे. बधिर पायाची जखम कशी होते, ती का चिघळते आणि मऊ रबराच्या एमसीआर चपलेनं ती कशी टळते, हे ज्ञान ह्या जिल्ह्याला मधुमेहाच्या आधीपासून आहे. पायांचं शास्त्र शिकणाऱ्याला वऱ्हाडासारखी शाळा मिळणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

आता विद्यार्थी परिषदेचे हे पदाधिकारी म्हणजे नेमके कोण? अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ साली सुरू झालं. त्याचं रुग्णालय गावात ‘सर्वोपचार’ म्हणूनच ओळखलं जातं. अमरावतीचं डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला सगळे पीडीएमसी म्हणतात, ते शिवाजी शिक्षण संस्थेनं १९८४ मध्ये काढलं. अशा कॉलेजात प्रत्येक बॅचला एक सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, असतो, मुलींची प्रतिनिधी म्हणून एक एलआर असते. त्यांच्यावर विद्यार्थी परिषद असते आणि तिच्यात सचिव, सांस्कृतिक प्रतिनिधी, क्रीडा प्रतिनिधी असे चेहरे असतात. इंटर्न मुलांची संघटना अस्मी, निवासी डॉक्टरांची मार्ड. फिजिओथेरपीच्या कॉलेजातही सीआर आणि परिषद ही घडी साधारण अशीच असते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण तिच्यामुळे भेटीचा सूर बदलतो. महाराष्ट्रात महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर थांबल्या आणि गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं निवडणुकांची तरतूद परत आणली. वैद्यकीय, फिजिओथेरपीची कॉलेजं मात्र नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात आणि त्याचा कायदा वेगळा, १९९८ चा आहे. म्हणून तुम्ही ज्याला भेटायला निघालात तो पुष्कळदा मतं मागून आलेला नेता नसतो. तो वर्गात बरे गुण मिळवलेला किंवा शिक्षकांनी विश्वासानं निवडलेला एक थकलेला विद्यार्थी असतो. सकाळी वॉर्ड, दुपारी लेक्चर, संध्याकाळी मेसच्या तक्रारी आणि रात्री स्वतःचा अभ्यास, असा त्याचा दिवस जातो. पुढाऱ्याकडे गेल्यासारखे हार आणि शिफारशी घेऊन जाल, तर तो अवघडेल. धाकट्या भावंडासारखे, पण पूर्वतयारी करून जाल, तर तो वेळ काढेल.

नाव शोधणं अवघड नाही. परिषदेची यादी कॉलेजच्या सूचनाफलकावर लागते. विद्यार्थी कल्याणाचं काम बघणाऱ्या प्राध्यापकांकडे किंवा कार्यालयात विचारलं तरी सांगतात. ज्याची ओळख नाही त्याचा मोबाईल नंबर दुसऱ्याकडून परस्पर घेऊन थेट फोन लावू नका. ज्याच्याकडून नंबर मिळणार आहे त्यालाच सांगा, ‘त्यांना विचारून मग द्या.’ एवढ्यानं तुमचा पहिला ठसा चांगला उमटतो. आणि पहिला संपर्क फोनवर न करता निरोपानं करा. वॉर्डात राउंड चालू असताना अनोळखी नंबर वाजला की कोणाचंही डोकं तापतं.

निरोप कसा लिहावा, हे मुलं फार विचारतात. ‘हाय सर, गायडन्स पाहिजे होता’ एवढंच लिहिलं, तर समोरच्याला उत्तर काय द्यावं ते कळत नाही. असं काही लिहा:

‘नमस्कार मॅम. मी दर्यापूरची आहे. यंदा नीट दिली असून फिजिओथेरपीला जायचं ठरवते आहे. पुढे मधुमेही रुग्णांच्या पायांवर काम करायची इच्छा आहे. तुमच्या कॉलेजात विद्यार्थ्यांना ह्या रुग्णांसोबत कोणत्या वर्षापासून काम करायला मिळतं आणि शिबिरं होतात का, एवढं विचारायचं होतं. तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा पंधरा मिनिटं भेटता आलं तर मी कॉलेजला येईन. परीक्षा असेल तर नंतर चालेल.’

ह्यात गाव आहे, आपण कुठल्या टप्प्यावर आहोत ते आहे, विचारायच्या गोष्टी स्पष्ट आहेत आणि नाही म्हणायची मोकळीकही आहे. शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. आरोग्य विद्यापीठाच्या परीक्षा उन्हाळी आणि हिवाळी अशा दोन हंगामांत होतात. त्या काळात सचिवाचा निरोप आला नाही, तर त्यात अपमान मानून घेऊ नका.

हाक मारण्याचं म्हणाल, तर मेडिकलच्या आवारात एका वर्षानं मोठा असलेल्यालाही ‘सर’ आणि मुलीला ‘मॅम’ म्हणायची रीत आहे. आपल्या गावच्या सवयीनं पहिल्याच वाक्यात ‘भाऊ’ म्हटलं तर कोणी रागवत नाही, पण तिथली रीत पाळलेली बरी. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत तेच म्हणतील, ‘अरे, सर काय, दादा म्हण.’ मग खुशाल दादा, ताई म्हणा. आणि आपल्याकडचा पहिला प्रश्न येणारच, ‘कोन्त्या गावचे बाप्पा?’ मूर्तिजापूर, अंजनगाव, बार्शीटाकळी असं कुठलं तरी गाव जुळतं, कोणाचा तरी मामेभाऊ निघतो, आणि अर्धं अवघडलेपण जातं. गाव जुळलं की तिथेच थांबा. आडनावावरून पुढे खोदत जाणं, आपल्या समाजाचा म्हणून जवळ येणं किंवा दूर जाणं, ह्याला थारा देऊ नका. प्रतिनिधी सगळ्या बॅचचा असतो, आणि त्यालाही अशा प्रश्नांचा त्रास होतो.

भेट कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये, लायब्ररीबाहेर, ओपीडीच्या आवारात अशी उघड्या जागी आणि दिवसा ठेवा. मुलींनी एलआरला भेटावं, किंवा मैत्रिणीला, भावाला सोबत घेऊन जावं. चहाचे पैसे ‘मी देतो’ म्हटलं तर तो देऊ देणार नाही, पण विचारा. वही सोबत असू द्या. मोबाईलवर नोंदी करत बसलं की समोरच्याला वाटतं लक्ष दुसरीकडे आहे.

काय विचारायचं, ह्यावर थोडं जास्त बोलतो, कारण बहुतेक भेटी इथेच वाया जातात. फी किती, जागा किती, मागच्या वर्षी कटऑफ किती लागला, हे सगळं राज्याच्या प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलच्या कागदांत असतं. ते विचारण्यात पंधरा मिनिटं घालवू नका. त्याला ते विचारा, जे फक्त त्याला माहीत आहे. मधुमेही पायाच्या जखमांचे रुग्ण कोणत्या ओपीडीत येतात, सर्जरीच्या की मेडिसिनच्या? ड्रेसिंगच्या खोलीत विद्यार्थ्याला उभं राहू देतात का? ह्या विषयात मन असलेले शिक्षक कोण, आणि ते मुलांना शिबिराला नेतात का? चपला, आधारपट्ट्या, जयपूर फूट असं काम आसपास कोण करतं? इथून बाहेर पडलेले कोणी विद्यार्थी पायांच्या कामात गेले आहेत का, आणि त्यांच्याशी बोलता येईल का? ह्यातल्या एका प्रश्नाचं नीट उत्तर मिळालं, तरी तुमचं एक वर्ष वाचतं.

राहण्याखाण्याबद्दलही विचारा. वसतिगृहात जागा पहिल्या वर्षाच्या सगळ्यांना मिळते की बाहेर खोली बघावी लागते? मेसचं पाणी कसं आहे? रात्री वॉर्डातून परतताना रस्ता उजेडाचा आहे का? शिष्यवृत्तीच्या अर्जांचं प्रतिनिधीला फार चांगलं माहीत असतं, कारण दरवर्षी महाडीबीटी ह्या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अडकलेले अर्ज घेऊन मुलं त्याच्याकडेच येतात. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे. कोणता दाखला तहसीलमधून वेळेवर निघत नाही, कोणता आधीच काढून ठेवावा, अर्जातली कोणती चूक दरवर्षी होते, हे तो तुम्हाला तोंडपाठ सांगेल. आपल्या भागातल्या कितीतरी घरांसाठी शिक्षण होणार की नाही, ते ह्या कागदांवर ठरतं. त्यामुळे हे विचारायला अजिबात लाजू नका.

पण खरी ओळख कॅन्टीनमध्ये होत नाही. ती कामात होते. प्रतिनिधीला वर्षभर ज्याची चणचण असते ते म्हणजे हात. १४ नोव्हेंबरला जागतिक मधुमेह दिन, ३० जानेवारीला कुष्ठरोगविरोधी दिन, त्याच सुमाराला गॅदरिंग, उन्हाळा संपताना शेगावहून निघून अकोला, पातूरमार्गे पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी. अशा दिवसांत कुठे ना कुठे तपासणी, ड्रेसिंग, मालिश असा सेवेचा मांडव लागतो आणि खुर्च्या लावायलाही माणूस मिळत नाही. तुम्ही अजून डॉक्टर नाही, विद्यार्थीही नाही, तरी करण्यासारखं पुष्कळ असतं. नावं लिहून घेणं, रांग लावणं, बादलीत पाणी भरणं, पाय धुऊन बोटांच्या मधली जागा कोरडी करणं. आणि आपली भाषा. शहरातून आलेल्या विद्यार्थ्यापुढे आजी म्हणते, ‘पायाले मुंग्या येतेत, रातच्याले आग होते,’ ते त्याला समजावून सांगणारं कोणी तरी लागतं. धारणी-चिखलदऱ्याकडचं कोरकू बोलणारं मूल असेल, तर त्या शिबिरात त्याच्याइतकं मोलाचं कोणी नाही.

अशा शिबिरात पायाची जाणीव तपासणारी एक साधी चाचणी बघायला मिळाली तर ती नीट बघा. दांडीच्या टोकाला नायलॉनचा एक धागा असतो. तो साधारण दहा ग्रॅम दाबाला वाकतो. आधी तो रुग्णाच्या हातावर टेकवून दाखवतात, म्हणजे काय जाणवायला हवं ते त्याला कळतं. मग रुग्णाला डोळे मिटायला सांगतात. अंगठ्याच्या खालच्या बाजूला, चवड्याच्या हाडांखाली, धागा सरळ टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा, सेकंद-दीड सेकंदानं उचलायचा. घट्टा पडलेल्या जागी टेकवायचा नाही, कारण तिथे धडधाकट माणसालाही कमी कळतं. रुग्णानं ‘हो’ म्हणायचं. साठीतला एखादा शेतकरी खुर्चीवर डोळे मिटून बसलेला असतो, धागा चार ठिकाणी वाकून झालेला असतो, आणि तो विचारतो, ‘सुरू केलं का जी?’ त्या प्रश्नाला मांडवात कोणी हसत नाही. सचिव वाकून त्याच्या चपलेत हात घालतो, आतून बोटं फिरवतो आणि तळातून वर आलेला खिळा दाखवतो. तो खिळा त्या माणसाला कित्येक दिवस टोचत असतो आणि त्याला पत्ता नसतो. पायांच्या शास्त्राचा पहिला धडा इथेच मिळतो, आणि तो देणारा पुष्कळदा तुमच्यापेक्षा तीन-चार वर्षांनीच मोठा असतो.

त्या दिवशी त्याच्यासोबत मांडव आवरा. चटया घडी करा, वापरलेला कापूस आणि हातमोजे वेगळ्या पिशवीत कसे टाकायचे ते विचारून तसे टाका. परतताना तो स्वतःहून बोलतो. कोणता विषय कठीण गेला, कोणत्या शिक्षकानं सांभाळून घेतलं, पहिल्या वर्षी घरी निघून जावंसं का वाटलं होतं. कॅन्टीनमध्ये प्रश्न विचारून ह्यातलं काही मिळत नाही.

आता काय मागू नये ते. विद्यार्थी प्रतिनिधी प्रवेश करून देऊ शकत नाही. गुण वाढवू शकत नाही. हजेरी भरून देऊ शकत नाही, आणि जो ‘देतो’ म्हणतो त्याच्यापासून लांब राहा. वैद्यकीय आणि फिजिओथेरपीचे प्रवेश नीटच्या गुणांवर, सीईटी सेलच्या फेऱ्यांतून होतात. संस्थेच्या कोट्यातल्या जागांनाही नियम आहेत. विद्यार्थी संघटनेचं नाव सांगून, ‘आतून ओळख आहे’ म्हणत कोणी पैसे मागितले, तर तो प्रतिनिधी असो की त्याचा मित्र, एक रुपया देऊ नका. घरात लगेच सांगा आणि कॉलेजच्या कार्यालयात लेखी विचारा. आपल्याकडे शेत विकून, सोनं मोडून अशा बोलण्यांवर पैसे गेलेली घरं आहेत. त्यांच्या त्रासाला शेवट नसतो.

रॅगिंगबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. पहिल्या वर्षाची मुलं सचिवाशी ओळख करतात ती पुष्कळदा ह्या भीतीपोटी, की कोणी तरी पाठीशी असावं. चांगला प्रतिनिधी खरंच पाठीशी उभा राहतो. पण तो तक्रार निवारण समिती नाही, आणि कधी कधी त्रास देणारा त्याचाच वर्गमित्र असतो. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नियम २०२१ चे आहेत. प्रत्येक कॉलेजात रॅगिंग प्रतिबंध समिती असते आणि देशभरासाठी १८००-१८०-५५२२ हा फुकट फोन आहे. प्रतिनिधीला सांगा, पण ह्या वाटा त्याच्यासाठी थांबवून ठेवू नका. तो ‘आपसात मिटवू’ म्हणाला तरी तुम्ही तक्रार करू शकता.

पालकांना एक विनंती. मुलगा-मुलगी पहिल्यांदा बाहेर पडली की जीव लागून राहतो, ते कळतं. पण ओळख झाली म्हणून सचिवाला रात्री दहा वाजता फोन करून ‘आमच्या पोराचं लक्ष ठेवजा’ सांगू नका, आणि त्याच्याकडून मुलाच्या खबरा काढू नका. त्यानं दिलेला विश्वास दोन्ही बाजूंनी मोडतो आणि तुमच्या मुलाला वर्गात तोंड दाखवायची चोरी होते. मुलगी आजारी पडली, संपर्क होत नाही, अशी खरी अडचण असेल तर वसतिगृहाच्या वॉर्डनला फोन लावा. ते त्यांचं काम आहे. दिवाळीला घरून चिवडा-शेव पाठवताना त्या दादा-ताईसाठी एक डबा जास्त भरलात, तर मात्र ते शोभेल.

राजकीय पक्षांच्या विद्यार्थी संघटनांचे पदाधिकारीही कॉलेजबाहेर भेटतात. त्यांच्यातले काहीजण फी, वसतिगृह, बसपास ह्यांसाठी मनापासून झटतात. त्यांच्याशी बोला, पण पहिल्या वर्षी कोणाच्याही फॉर्मवर सही करण्याआधी आणि मोर्चाला जाण्याआधी आपल्या वरच्या वर्गातल्या दोन-तीन मुलांना विचारा. सहा महिने आवार ओळखल्यावर काय ठरवायचं ते ठरवा.

जे परदेशातल्या पोडियाट्री कॉलेजाकडे बघत आहेत, त्यांचीही रीत फार वेगळी नाही. अमेरिकेत आधी पदवी, मग चार वर्षांचा डीपीएम अभ्यासक्रम आणि त्यानंतर तीन वर्षांची रेसिडेन्सी असते. तिथल्या पोडियाट्री विद्यार्थ्यांची देशपातळीवरची संघटना आहे आणि कॉलेजांचे प्रतिनिधी तिच्यात असतात. इंग्लंडमध्ये पदवी बहुतेक ठिकाणी तीन वर्षांची आहे आणि विद्यापीठांत पोडियाट्री सोसायट्या असतात. त्यांचे पदाधिकारी ईमेलला उत्तर देतात, कारण नव्या मुलांचं स्वागत हे त्यांच्या कामातच धरलेलं असतं. बोलायची वेळ ठरवताना घड्याळ बघा. उन्हाळ्यात अमरावतीत रात्रीचे आठ वाजतात तेव्हा लंडनमध्ये दुपारचे साडेतीन आणि न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेदहा असतात. हिवाळ्यात त्यांचं घड्याळ एक तास मागे जातं.

त्यांना आपल्या घरची गोष्ट सांगायला संकोचू नका. अमेरिकेतल्या कॉलेजांना प्रवेश देताना विद्यार्थ्यानं पायांच्या डॉक्टरांसोबत राहून काम बघितलं आहे का, हे बघायचं असतं. तपोवनात, सर्वोपचारच्या ड्रेसिंग खोलीत, पालखीच्या मांडवात जे बघितलं ते साध्या भाषेत लिहा. तिथल्या मुलांना बधिर पायाचा कुष्ठरुग्ण पुस्तकातच भेटतो, तुम्ही त्याच्या पायाशी बसलेले आहात. क्लिनिकमध्ये पहिला रुग्ण कधी हाताळायला मिळतो, भारतीय मुलं कुठे राहतात, खर्चात कोणती रक्कम माहितीपत्रकात दिसत नाही, हे त्यांना विचारा. परत आल्यावर भारतात नोंदणी होईल का, हे मात्र विद्यार्थ्याला विचारू नका. तो चांगल्या मनानं काही तरी सांगेल आणि ते चुकीचं असू शकतं. त्याचं उत्तर इथल्या सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या आयोगाकडून आणि त्याच्या राज्य परिषदेकडून लेखीच घ्यायचं.

निरोपाला उत्तर आलंच नाही तर? आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करून द्या, दुसऱ्यांदा नको. मग एलआरकडे जा, मागच्या वर्षीच्या सचिवाकडे जा. मागच्या वर्षीचे पदाधिकारी हा फार दुर्लक्षित ठेवा आहे. त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलेलं असतं, अनुभव ताजा असतो, आणि कोणी विचारलं तर त्यांना बरं वाटतं. इंटर्नशिपला गेलेला जुना सचिव कुठल्या तरी ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात असेल. तिथे जाऊन भेटलात, तर पायांच्या जखमांची सुरुवात कुठे होते तेही बघून याल.

पद साधारण एका वर्षाचं असतं, हे ओळख झाल्या दिवसापासून ध्यानात ठेवा. वर्ष संपत आलं की सचिवाला विचारा, ‘पुढे हे काम कोण बघणार?’ आणि त्याच्याच तोंडून नव्या माणसाला आपलं नाव कळू द्या. शिबिराच्या रुग्णांची वही, चपला बनवणाऱ्याचा पत्ता, नायलॉनच्या धाग्याची दांडी कोणाच्या कपाटात आहे, ह्या गोष्टी पदाबरोबर हरवतात आणि पुढच्या नोव्हेंबरात सगळं पहिल्यापासून करावं लागतं. तुम्ही तोवर पहिल्या वर्षाला लागला असाल, तर ती वही सांभाळायला मागून घ्या. तिच्यात ज्यांचे पाय बधिर आढळले त्यांची गावं लिहिलेली असतात, आणि त्यांना वर्षातून एकदा तरी परत बोलवायचं असतं.